हा तिठा कोणाचा?

एकदा एक तरुण आरेखक होता. भार्गव त्याचे नाव. दिवसभर तो एका वास्तुविशारदाच्या कचेरीत लोकांच्या घरांचे नकाशे काढी, आणि उरलेल्या वेळात त्याने स्वतःसाठी एक अख्खा देश वसवला होता. देशाचे नाव आर्गेथा. समुद्रात विखुरलेली बेटे, तेरा नगरे, डोंगरउतारावरच्या ऑलिव्हच्या बागा, पांढऱ्या दगडाची देवळे आणि एकेचाळीस देवदेवता. प्राचीन ग्रीकांचा संसार आणि त्यांचा देवधर्म पुढे ठेवून त्याने तो बेतला होता, पण नावे, नद्या, राजघराणी सगळी त्याच्या कल्पनेतली होती.

हा देश एका खेळासाठी होता. खेळ बोलण्याचा आहे. एक जण सूत्रधार होतो. "तुमच्यासमोर बंद दार आहे, फटीतून धूर येतो आहे," असे तो सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी शिपाई, कोणी वैदू, आणि आपले पात्र आता काय करील ते सांगतात. यशापयशाचा प्रश्न आला की फासे टाकतात. कर्ती-सवरती माणसे हा खेळ तासन्‌तास खेळतात, आणि सूत्रधार चांगला असला तर बसल्या खोलीच्या भिंती नाहीशा होतात.

भार्गवच्या खोलीच्या भिंती मात्र कधी हलल्या नाहीत. त्याचे दर रविवारचे खेळाडू पाचाचे दोन झाले होते. एक औषधांचे दुकान चालवणारा इम्तियाज, आणि दुसरी केतकी, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, अबोल मुलगी. ती दीड वर्ष खेळत होती, पण "मी पण यांच्याबरोबर जाते" यापलीकडे तिने फारसे काही सांगितल्याचे कोणाला आठवत नव्हते.

अशाच एका रविवारी इम्तियाजच्या शिपायाने लढाईपूर्वी देवळासमोर गुडघे टेकून हात जोडले. भार्गवने खेळ थांबवला.

"असं नाही करत ते. आकाशातल्या देवांना प्रार्थना करायची तर उभं राहून, दोन्ही हात वर, तळवे आकाशाकडे. पाताळातल्या देवांची रीत वेगळी. थांब, मी काढून दाखवतो."

त्याने फाइल उघडली. ती चारशे साठ पानांची होती. वीस मिनिटांनी प्रार्थनेचे सर्व प्रकार सांगून झाले तेव्हा लढाई कोणाशी होती हेही कोणाच्या ध्यानात उरले नव्हते.

त्या आठवड्यात इम्तियाजचा फोन आला. "राग मानू नकोस भार्गव. या रविवारी येतो, पण त्यानंतर नाही. तुझ्या देशात आलं की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. केतकीचंही तेच म्हणणं आहे, फक्त ती बोलणार नाही."

भार्गव रात्री नीट झोपला नाही. सहा वर्षे त्याने या देशाला दिली होती. सण कोणत्या पक्षात, कोणत्या देवाला पांढरा पशू आणि कोणाला काळा, देवळाचे दार कोणत्या दिशेला, सारे त्याने ताडून पाहिले होते. तरी तो देश खरा वाटत नसेल तर कुठेतरी चूक राहिली असली पाहिजे. ती शोधून देईल असे एकच माणूस त्याला ठाऊक होते.

मालिनीबाई देवस्थळी यांनी कॉलेजात चौतीस वर्षे प्राचीन इतिहास शिकवला होता. आता वय बहात्तर. भार्गव त्यांचा अगदी शेवटच्या तुकड्यांतला विद्यार्थी. त्याने फाइल बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "बाई, यात चूक कुठे आहे तेवढं सांगा. रविवारच्या आत."

बाईंनी फाइल चार दिवस ठेवून घेतली. शनिवारी तो गेला तेव्हा त्या अंगणात कढीलिंबाची पाने खुडत बसल्या होत्या.

"दोन चुका सापडल्या," त्या म्हणाल्या. "दोन्ही किरकोळ. समासात लिहिल्या आहेत. जवाच्या पिठाबद्दल लिहिलंयस ते मला फार आवडलं."

"बस? मग तो देश खरा का वाटत नाही?"

पाने निवडून झाल्यावर त्यांनी विचारले, "उद्या मला खेळायला घेशील का रे?"

रविवारी दुपारी चार वाजता त्या रिक्षाने आल्या. इम्तियाज आणि केतकी आधीच येऊन बसले होते. शेवटच्या दिवशी पाहुण्यासारखे वागतात तसे दोघे वागत होते. भार्गवने बाईंपुढे पात्रांची यादी धरली. राजकन्या होती, भविष्य सांगणारी पुजारीण होती, वेष बदलून हिंडणारी धनुर्धारी होती.

"मला भाजी विकणारी म्हातारी कर," बाई म्हणाल्या. "पाठीवर टोपली असू दे. टोपलीत जवाच्या तीन भाकरी."

"पण तिला लढता येणार नाही, बाई."

"मलाही येत नाही."

इम्तियाज हसला. खेळ सुरू झाला. एका द्रष्ट्याच्या मुलीला डोंगरातल्या गुहेत कोंडले होते आणि सूर्य मावळायच्या आत तिथे पोहोचायचे होते. भार्गवने ठरल्याप्रमाणे सांगितले, "दुपार कलली आहे. तुम्ही तिघे एका तिठ्यावर येता. डावी वाट डोंगराकडे जाते, उजवी बंदराकडे. काय करता?"

"डावीकडे," इम्तियाज म्हणाला.

"मी पण यांच्याबरोबर जाते," केतकी म्हणाली.

"मी थांबते," बाई म्हणाल्या. "हा तिठा कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? इथे कोणी नाही, बाई. रस्ता मोकळा आहे."

"माणसांचं नाही विचारत. तीन वाटा मिळतात तिथे कोणीतरी असणारच. तिला काही दिल्याशिवाय माझी म्हातारी पुढे जायची नाही."

भार्गवचा चेहरा उजळला. हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, आणि त्याचे उत्तर पान दोनशे बारावर तयार होते. त्याने फाइल उघडली. "तिठ्याची देवी. तीन मुखं. हातात पलिते, सोबत कुत्रे. तिला एकंदर सात विशेषणं आहेत. अमावास्येला तिच्यासाठी जेवण ठेवतात, त्यात अंडी, लसूण..."

इम्तियाजने खुर्चीला पाठ टेकली. केतकी फाशाच्या कडा चाचपू लागली.

"बघू जरा," म्हणत बाईंनी हात पुढे केला. भार्गवने फाइल दिली. त्यांनी ती मिटली, उठून आपल्या खुर्चीवर ठेवली, आणि त्या तिच्यावर बसल्या.

विद्यार्थ्याच्या वहीला चुकून पाय लागला तर वाकून बोटे कपाळाला लावणाऱ्या या बाई. भार्गवच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बाई केतकीकडे वळल्या. "मुली, तुझं पात्र कुठलं?"

"डोंगरातलं. मेंढपाळाची मुलगी आहे."

"म्हणजे या वाटेवरची माहीतगार तूच. मी खालच्या गावाची, मला ठाऊक नाही. तुझी आई या तिठ्यावर आली म्हणजे काय करते?"

केतकीने भार्गवकडे पाहिले. त्याच्याजवळ फाइल नव्हती. तिने पुन्हा बाईंकडे पाहिले.

"भाकरीचा तुकडा मोडून ठेवते," ती हळू म्हणाली. "दगडावर. आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही."

"का ग?"

"बघितलं तर ती खात नाही."

"कोण?" इम्तियाजने विचारले.

"तिठ्यावरची. तिला लाज वाटते." केतकी थांबली. मग जणू फार पूर्वीपासून माहीत असलेली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "ती सगळ्यांना वाट दाखवते, पण तिला स्वतःचं घर नाही. भूक लागलेल्या माणसाकडे कोणी टक लावून बघितलं तर घास उतरतो का? म्हणून बघायचं नाही."

भार्गवच्या जिभेवर शब्द आले होते. तिठ्याची देवी लाजाळू नव्हे. ती उग्र आहे, तिच्या कुत्र्यांच्या भुंकण्याने माणसे दारे लावून घेतात. "पण ती तर..." त्याने सुरुवात केली. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात एखादा मुलगा पहिल्यांदाच उत्तर देत असताना बाकीच्यांनी मध्ये बोलू नये म्हणून त्या अशाच पाहत असत. भार्गव गप्प बसला. ते त्याला सोपे गेले नाही.

बाईंनी एक भाकर काढून मोडली आणि केतकीच्या दगडावर ठेवली, म्हणजे तसे सांगितले. इम्तियाज पुढे सरकून बसला.

"मग मीही ठेवतो. माझ्या शिपायाकडे भाकरी नाही. खारवलेला मासा आहे. चालेल का रे भार्गव?"

पान दोनशे बारावर माशाचाही उल्लेख होता. कोणता मासा, तेही होते. भार्गवने क्षणभर टेबलाकडे पाहिले.

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "केतकी, चालेल का ग?"

केतकीने विचार केला. "चालेल. पण काटे काढून."

इम्तियाजने टेबलावर दोन्ही हातांनी, कसलाही मासा नसताना, सावकाश काटे काढले. कोणी हसले नाही. मग तिघांनी डावी वाट धरल्याचे सांगितले आणि सगळे भार्गवकडे पाहू लागले. पुढचे सांगायचे काम त्याचे होते, आणि पुढचे काहीच लिहिलेले नव्हते.

"तुम्ही दहाबारा पावलं जाता," तो अडखळत म्हणाला. "वारा पडलेला आहे. मागे..." तो थांबला. "मागे भाकर मोडल्याचा आवाज येतो. अगदी हळू. कोणी वळून बघतंय का?"

इम्तियाजने आपल्या हातावरचे केस दाखवले. ते उभे राहिले होते.

"नाही," तो म्हणाला.

"नाही," केतकी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते. का, हे कोणी विचारले नाही.

सात वाजेपर्यंत ते गुहेपाशी पोहोचले नाहीत. वाटेत एक विहीर लागली, तिला बोललेला एक नवस निघाला, आणि शिपायाच्या आजीकडून तो फेडायचा राहून गेला होता असे इम्तियाजनेच सांगितले. द्रष्ट्याची मुलगी तशीच अडकून राहिली. घड्याळाकडे कोणी पाहिले नाही.

ते दोघे गेल्यावर बाई उठल्या. त्यांनी फाइल उचलली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि भार्गवच्या हाती दिली.

"बाई, तुम्ही तिच्यावर बसलात," तो म्हणाला. इतका वेळ दाबून ठेवलेले ते एवढेच बाहेर पडले.

"बसले. बस इथे, सांगते. ज्या लोकांवरून तू हा देश बेतलास, त्यांच्याकडे सगळ्यांनी मानावा असा एक धर्मग्रंथ नव्हता. एकच देवी दहा गावांत दहा तऱ्हांची. कुठे तिला पोळी चाले, कुठे मध. परक्या गावचा प्रवासी आला की गावकरी त्याला सांगत, 'आमच्याकडे असं करतात.' त्यांच्या देवांचा जीव या तीन शब्दांत होता. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? वेशीवरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला काय आवडतं, हे गावातली म्हातारी सांगते. तू देवळांचे खांब बरोबर मोजलेस, पण तुझ्या देशात 'आमच्याकडे असं करतात' म्हणायला कोणाला जागाच ठेवली नाहीस. सगळं तुझ्याकडेच. मग ते दोघे तिथे राहणार कसे? ते पाहुणेच राहिले, आणि पाहुणा कधीतरी जायचाच."

भार्गव फाइलीकडे पाहत होता. "म्हणजे सहा वर्षं फुकट गेली."

"तिठा कोणी आखला? डोंगर, बंदर, मेंढपाळांची वस्ती? केतकी ज्या जमिनीवर उभी राहून बोलली ती तू सहा वर्षं खपून तयार केलीस. रिकाम्या मैदानात उभं केलं असतंस तर ती पोर बोलली नसती. आणि मागच्या भाकरीचा आवाज तुला सुचला, तो या अभ्यासातूनच आला ना? विद्या ही बसकर आहे, बाबा. तिच्यावर ऐसपैस बसावं, माणसांशी बोलावं. तू तिचं छप्पर केलंस, आणि ते इतकं बुटकं की कोणाला ताठ उभं राहता येईना." त्या हसल्या. "आता रिक्षा बघ. माझी कंबर धरली आहे. चारशे साठ पानं चांगलीच कडक होती."

त्याने रिक्षा आणली, बाईंना हात देऊन बसवले, आणि गल्लीच्या वळणापर्यंत तिच्याकडे पाहत उभा राहिला. घरी येऊन त्याने कपबशा विसळल्या. पुष्कळ दिवसांनी त्याच्या मनात कसलीही दुरुस्ती चालू नव्हती.

बुधवारी कचेरीत असताना इम्तियाजचा फोन आला. येणार नाही म्हणाला होता त्याबद्दल तो काही बोलला नाही. इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणाला, "अरे, रविवारी माझ्या बहिणीला आणू का? तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, तुमच्या बंदरावर एक देवी असणार, आणि ती कशी आहे ते तिला माहीत आहे."

बंदरावरच्या देवीवर भार्गवने एकोणीस पाने लिहिली होती.

"आण ना," तो म्हणाला. "मला ऐकायचं आहे."