माशांच्या तळ्यातला पाहुणा

“…आणि इतके दिवस तळ्यात आहे, तरी कोण आहे ते तुम्ही बघितलं नाही, बुवा?”

“रोज बघतो की रं.”

“तसं नाही. बेडूक कुठल्या जातीचा?”

“इचारलं न्हाई कधी.”

विश्रामला हसू आलं. दयाळबुवा काही बदलायचे नाहीत.

आजऱ्याजवळच्या या मठात राहूनच तो शिकला होता. सकाळी उठून परसातल्या तळ्यात माशांना भात टाकायचा, हे त्याचं काम. भात टाकून झाला की बुवा त्याला काठावर बसवून ठेवायचे. बोलायचं नाही, हलायचं नाही, मासे पायाशी येईपर्यंत. तेव्हा त्या बसण्याचा भारी कंटाळा यायचा. आता शहरात कधीमधी त्याच बसण्याच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा.

आता तो बेडकांचा नामांकित अभ्यासक होता. नुसत्या आवाजावरून बेडूक ओळखतो, म्हणून लोक त्याला मानायचे. बुवांनी मात्र त्याला कधी शाबास म्हटलं नव्हतं. काहीही दाखवा, “आणखी बघ” म्हणून मोकळे. बुवा थकले होते, पुन्हा भेट होईल न होईल. या खेपेला शाबासकी घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच स्वारी आली होती.

तळ्याच्या कडेला शेवाळात दोन डोळे तेवढे वर दिसत होते.

विश्राम वाकला. डोळे बुडाले.

तो मागे सरला. डोळे वर आले.

“आवाज कसा काढतो?”

“मुका हाय. अर्धा पावसाळा सरला, एक शबूद न्हाई.”

“कमाल आहे.”

“बस की जरा काठावर. पयल्यागत.”

“बसायला वेळ कुठे आहे, बुवा? संध्याकाळची एस.टी. गाठायचीय.”

विश्रामने खिशातून फोन काढला आणि काठावरच्या दगडावर ठेवला. “यात सगळ्यांचे आवाज भरून आणलेत. आपल्यातल्या कुणी हाक मारली, की कोण गप्प बसेल?”

फोनमधून एक बेडूक ओरडला. तळं ढिम्म.

दुसरा ओरडला. मासे तेवढे खाली गेले.

बुवांसमोर फजिती व्हायची लक्षणं दिसत होती. त्याने तिसरा आवाज लावला…

शेवाळ हललं.

सोनेरी पाठ, काळ्या कुशी. बेडूक दगडावर चढला, थांबला… एक उडी मारली, पुन्हा थांबला… आणि फोनच्या अगदी पुढ्यात येऊन बसला.

“सोनेरी पाठीचा बेडूक!” विश्राम हलक्या आवाजात म्हणाला, पण आनंद काही लपेना. “आणि मादी आहे, बुवा. ही हाक नराची. माद्या अशा ओरडत नाहीत, हाक ऐकून येतात. म्हणून तुम्हाला मुकी वाटली.”

बुवा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले.

“शाबास,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी! विश्रामचे डोळे भरून आले. त्याने फोन बंद केला आणि वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

परसात सगळं शांत झालं…

बेडकी गेली नाही. फोनच्या एका बाजूला गेली, दुसऱ्या बाजूला गेली. परत समोर येऊन बसली.

विश्रामने घड्याळ पाहिलं. एस.टी.ची वेळ होत आली होती. फोन उचलायला त्याने हात पुढे केला, आणि बुवांनी तो हात मधेच धरला.

“जा की. पर हाक कुणी मारली हुती, तेवढं हिला सांगून जा.”