डाव्या हाताचा अंगारा

निवांत महाराज त्या वर्षी सावरटेक गावी, देवीच्या देवळामागच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. महाराजांचं वागणं कुणाला कधी उमगलं आहे? ते का बोलतात आणि का गप्प बसतात, हे विचारण्यातच आपलं आयुष्य जायचं.

गावात गजराबाई नावाची शेळ्या राखणारी विधवा होती. आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, केशरला घेऊन ती रोज महाराजांना भाकरी आणी. देवळाचे पंच भुजंगराव तिला चारचौघांत हिणवायचे, "देवी सोडून येड्याच्या नादी लागलीस. भोगशील एक दिवस!"

यात्रेच्या सकाळी महाराज उठले आणि थेट देवळासमोर पडून असलेल्या भुजंगरावांच्या जीपमध्ये जाऊन बसले. जीप कसली, कोंबड्यांचं खुराडं! तिची बॅटरी दसऱ्यालाच काढून ट्रॅक्टरला बसवली होती आणि ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर गेला होता. लोक हसून हसून दमले, पण महाराज काही उतरेनात.

दुपारच्या आरतीत केशर एकाएकी किंचाळली, "आये, माझं डोस्कं!" तिला भडाभडा उलटी झाली, ती कोसळली आणि तिचा उजवा हात झटके देऊ लागला.

"देवी आली! अंगात देवी आली!" भुजंगराव गरजले आणि पोरीच्या पाया पडले.

झालं! कुणी पोरीला कुंकू फासलं, कुणी नारळ पुढे केला, एकीने तर मुलाचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. गजराबाई भांबावली. लेकीला पोटाशी धरावं की तिच्या पाया पडावं? बिचारी पाया पडली.

तेवढ्यात जीपमधून महाराज ओरडले, "अरे, देवी आली तर अर्ध्याच अंगात कशी येईल? पोरीचं तोंड बघा!"

तोंड एका बाजूला ओघळलं होतं. गजराबाईने हंबरडा फोडला, "म्हाराज, अंगारा द्या!"

"अंगारा नाही. पाणीही पाजू नका," महाराज म्हणाले. "कुशीवर धर आणि गाडीत आण. दवाखान्यात जायचंय."

उठल्यासुटल्या अंगारा वाटणारे महाराज आजच नाही म्हणतात! तिला काही कळेना. पण तिने लेक उचलली आणि जीपमध्ये घातली.

"थांबा, मीच चालवतो की तुमची गाडी!" असं म्हणत भुजंगराव चेष्टेने पुढे बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. जीप घरघरली, सुरू झाली! कोंबड्या पळाल्या. भुजंगरावांचा चेहरा पांढरा पडला, आणि तसेच ते शहराकडे निघाले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "डोक्यात रक्तस्राव झालाय. मेंदूतली शीर फुटलीय."

"एवढ्याशा पोरीला? हे तर म्हाताऱ्या माणसांचं दुखणं!" भुजंगराव म्हणाले.

"मुलांनाही होतं. हिच्या शिरांचा गुंता जन्मापासूनचा आहे. उशीर केला असता तर पोर हाती लागली नसती." लगेच ऑपरेशन झालं.

केशर वाचली. हळूहळू चालू लागली, बोलू लागली. उजवा हात मात्र लुळा राहिला. घरी आल्यावर गजराबाई तिला घेऊन चिंचेखाली गेली.

"म्हाराज, माझं काय चुकलं? सकाळी वेणी घालताना मी तिला चापट मारली व्हती."

"चापटीने असं होत नाही, माय. कुणाचंच चुकलं नाही."

"मग जीव दिला, तर हात का न्हाई दिला?"

महाराजांनी केशरचा लुळा हात आपल्या हातात घेतला. "मलाही कळत नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. काय हा साधुपणा!

इकडे भुजंगरावांनी मनाची समजूत घातली होती, की बॅटरी कुणीतरी परत बसवली असणार. जीप पुन्हा सुरू होईना म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती, आणि तिच्यावर कोळ्याचं जुनं जाळं जसंच्या तसं होतं. ते अनवाणी धावत आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले.

"माझ्या नको, हिच्या पाया पड. त्या दिवशी देवी म्हणून पडला होतास, आज लेकरू म्हणून पड," महाराज म्हणाले. मग त्यांनी केशरपुढे अंगारा धरला. "लाव गं त्याला."

केशरचा उजवा हात उठेना. तिने भीत भीत डावा पुढे केला. डाव्या हाताचा प्रसाद घ्यायचा नाही, हा दंडक देवळात भुजंगरावांनीच घातलेला!

भुजंगराव गुडघ्यांवर बसले आणि त्या डाव्या हाताखाली त्यांनी आपलं कपाळ नेलं.