अर्ध्या घटकेचा राजा पालोबा

सातवाहनांना त्यांचं राज्य परत मिळवून दिलं ते आमच्या खडकोळीनं. आता, मोठी लढाई झाली तेव्हा खडकोळीचा एकही गडी तिथं नव्हता, आणि ती कुठं झाली हेही इथं कुणाला धड सांगता येत नाही. पण शेवटचं जे थोडंसं उरलं होतं, ते गोदावरीच्या मधोमध झालं, आणि तिथं मात्र खडकोळीचा माणूस हजर होता. एकच होता. पालोबा नावाडी. तर ऐका, मागं भिंतीला टेकून डुलक्या घेताय ते तुम्हीसुद्धा.

कैक पिढ्यांमागं, गोदावरीवर एकही पूल नव्हता तेव्हा, या मुलखावर क्षत्रपांचा अंमल होता. ते पश्चिमेकडून आले आणि सातवाहनांना मागं रेटून इथं बसले. त्यांचा एक अमात्य खडकोळीला असे. अमात्य म्हणजे आताचा कलेक्टर समजा, फक्त घोड्यावरचा. त्याच्या डोक्यावर राजाचं पांढरं छत्र असे. छत्र ज्याच्या डोक्यावर, हुकूम त्याचा. एवढं राज्यशास्त्र तेव्हा सगळ्यांना पुरत होतं.

आणि नदीवर पालोबा होता. त्याची होडी तीन माणसांची. चौथा चढला की पालोबा त्याला उतरवायचा, मग तो जावई असो की गुरव. तो माणसं नुसती बसवत नसे, तोलून बसवी. जाडा मध्ये, हडकुळा टोकाला, आणि हालायचं नाही. शिवाय त्याचा एक नेम होता, तो त्याच्या बापाचा आणि आज्याचाही होता. पाण्यातून कुणी हाक मारली की त्याला आधी होडीत घ्यायचं, नाव-गाव मग विचारायचं.

एका भाद्रपदात बातमी आली, क्षत्रपांचा राजा पडला आणि सातवाहन जिंकले. अमात्यानं पळायची तयारी केली, पण जाता जाता हुकूम सोडला. गावातली सगळी पेवं जाळा, सातवाहनांच्या फौजेला दाणा मिळता कामा नये. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. गावाचं वर्षाचं खाणं त्यातच आणि पुढच्या पेरणीचं बी त्यातच.

"धूर आधी दिसला तर शत्रू माझ्या मागावर येईल," अमात्य शिपायांना म्हणाला. "मी पैलतीरी उतरून शंख फुंकीन. मगच आग लावा."

शिपाई पलिते पेटवून उभे राहिले. तेव्हा पालोबाची बायको नंदाई उठली आणि एका पेवाच्या झाकणावर जाऊन बसली. तिच्यामागून गावातल्या बाकीच्या बायका एकेका पेवावर बसल्या.

"उठा आई," शिपाई म्हणाला.

"तूही बस की," नंदाई म्हणाली. "दगड गार आहे."

हे सगळं पालोबाला होडीतून दिसत होतं. अमात्य मध्ये बसला होता, मांडीवर शंख आणि शेजारी मिटलेलं छत्र. पैलतीर आला की शंख वाजणार, आणि शंख वाजला की नंदाईच्या खाली आग लागणार. पालोबा होता होईल तेवढं हळू चालला. भाद्रपदातली फुगलेली गोदावरी त्याला त्या दिवशी भलतीच अरुंद वाटली.

मधोमध एक खडक आहे. त्याला एक माणूस लोंबकळत होता. घोडा वाहून गेलेला, हात सुटायला आलेले. त्यानं हाक मारली. पालोबानं होडी वळवली.

"सरळ चल," अमात्य म्हणाला.

"पाण्यातली हाक आहे, धनी."

त्या माणसाला ओढून आत घेतलं. त्यानं तोंडावरचे केस मागं सारले आणि अमात्य पांढरा पडला. तो सातवाहनांचा सेनापती होता, अमात्याच्याच मागावर फौजेच्या पुढं निघालेला. दोघांनी तलवारी उपसल्या आणि दोघं एकदम उभे राहिले. होडी कलली, घोट्याएवढं पाणी आत आलं, आणि दोघं वर्गात मास्तर आल्यासारखे खाली बसले.

पालोबानं बांबू पाण्यातून वर काढला आणि आडवा ठेवला.

"पुन्हा कुणी उठलं की तिघंही पाण्यात," तो म्हणाला. "मला पोहता येतं. तुमचं तुम्ही बघा."

मग त्यानं फडकं सोडलं आणि भाकर खायला घेतली.

"होडी चालव," सेनापती म्हणाला.

"चालवतो की. पण माझ्या गावाचं काय, ते दोघं मिळून ठरवा. तोवर माझी न्याहारी."

असं म्हणतात की तेवढ्या पुरात ती होडी खुंटीला बांधल्यासारखी उभी राहिली. पाणी दोन्ही बाजूंनी वाट काढून जाई, आणि मासे वर येऊन बघून जात. कुणी म्हणतात, तीन दिवस उभी होती. आता एक भाकर तीन दिवस पुरली म्हणजे नंदाई भाकरी केवढ्या थापत असेल ते तुम्हीच ठरवा.

शेवटी अमात्य म्हणाला, "मला घरी जायचंय. भडोचला."

"जा," सेनापती म्हणाला. "मला छत्र दे आणि जा."

"आणि पेवं?" पालोबानं विचारलं.

"माझी फौज उपाशी आहे, नावाड्या."

"बरं," पालोबा म्हणाला. "माझ्याकडं अजून एक भाकर आहे."

सेनापतीनं त्याच्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. मग ओंजळीत गोदावरीचं पाणी घेऊन त्यानं शपथ घेतली की पेवांना हात लावणार नाही, गाव आपणहून वाढेल तेवढंच खाऊ. अमात्यानं छत्र दिलं. पालोबानं हात पुढं केला तेव्हा शंखही दिला. पालोबानं तो नदीत सोडून दिला, अजून तळाशीच आहे.

अमात्याला पैलतीरी उतरवलं. तो मागं न बघता चालू लागला. परतताना सेनापती थकून बसल्या जागी झोपला, आणि छत्र पाण्यात पडू नये म्हणून पालोबानं ते उघडून आपल्या पाठीशी खोचलं. काठावरच्या शिपायांना काय दिसलं? राजाचं पांढरं छत्र, आणि त्याच्या सावलीत पालोबा. त्यांनी पलिते चिखलात विझवले आणि हात जोडले. सेनापती जागा होऊन उतरेपर्यंत अर्धी घटका गेली. तर क्षत्रपांनंतर आणि सातवाहनांच्या आधी अर्धी घटका इथं पालोबाचं राज्य होतं, असं म्हणतात. कुणाला काही त्रास झाल्याचं ऐकिवात नाही.

नंदाईनं पेवाचं झाकण सरकवलं, कोपरापर्यंत हात जोंधळ्यात घातला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मागून सातवाहनांची फौज येऊन पोचली, तेव्हा सगळ्यांनीच पेवं उघडली आणि दोन्हीकडच्या शिपायांना एका पंगतीत वाढलं.

पालोबा म्हातारा होऊन गेला तेव्हा त्याची होडी एकटीच उलट्या धारेनं वर निघून गेली, असं म्हणतात.

आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खडकोळीत पालोबाच्या नावानं होडी निघते. वर्षभर ज्यांनी एकमेकांशी अबोला धरला, त्यांना समोरासमोर तोलून बसवतात. मधोमध गेल्यावर नावाडी बांबू वर काढतो आणि भाकर खायला घेतो. समेट झाल्याखेरीज होडी हलत नाही. गेल्या साली भिवराबाई आणि तिची जाऊ बसल्या होत्या, लिंबाच्या झाडावरून चार वर्षं तोंड फिरवलेल्या. नावाड्याची भाकर संपली, पाणी पिऊन झालं, तरी दोघी गप्प.

"बोला गं आता," नावाडी म्हणाला, "नाहीतर दिवस मावळेपर्यंत इथंच बसवून ठेवीन."

"ठेव की," भिवराबाई म्हणाली. "घरी गेलं तरी चूलच आहे."