सोनीसाठी भिंत

“...ते सगळं खरं. पण हिला माळावर सोडायची कधी?”

चांदगीर महाराजांनी हे विचारलं, तेव्हा सोनी गौतमीच्या हातातल्या बाटलीतून दूध ओढत होती.

सोनी म्हणजे चिंकाऱ्याचं पाडस. आई कुणीतरी लावलेल्या फासात गेली. वनखात्याच्या माणसांनी पाडस मठात आणून दिलं, तेव्हा ते रात्र काढेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गौतमीनं ते जगवलं. आणि ही गोष्ट कुणाला ठाऊक नसेल, तर ती आवर्जून सांगायची. कौतुक कुणाला नको असतं?

“सोडू की, महाराज. आधी निवारा तर उभा राहू द्या.”

मठामागच्या माळावर जखमी जनावरांसाठी निवारा बांधायचा, हा ध्यास गौतमीचाच. महाराजांनी जागा दिली, बाकी सगळं तिनं रेटलं. शहरातली नोकरी सोडली, गावोगाव हिंडली, माणसं जमवली. काम आता जोत्यापर्यंत आलं होतं. हातात घेतलेलं अर्धवट टाकणाऱ्यांतली ती नव्हेच.

“उद्या निवाऱ्याचं काम बघायला पाहुणे येतायत,” ती म्हणाली. “मी पुढं चालणार आणि सोनी माझ्या मागं मागं. नुसतं बघूनच लोकांना कळेल, आपण इथं काय करतो ते.”

“काय करतो?”

“जीव लावतो.”

महाराजांनी दाढी खाजवली.

“बोलाव बघू तिला.”

गौतमी लांब निंबाखाली जाऊन उभी राहिली. जीभ टाळ्याला लावून टक् टक् वाजवलं. सोनी उड्या मारत गेली आणि तिच्या ओढणीत तोंड खुपसून उभी राहिली.

“पाहिलंत?” गौतमीचा चेहरा नुसता फुलला होता.

महाराजांनी बसल्या जागेवरून जीभ वाजवली. सोनी तशीच त्यांच्याकडं आली. त्यांचा हात चाटू लागली.

“तुम्हालाही ओळखते ती,” गौतमी म्हणाली. जरा रुसूनच म्हणाली.

तेवढ्यात खालच्या पाऊलवाटेनं बिरा धनगर मेंढरं घेऊन चालला होता. बरोबर त्याची कुत्री. महाराजांनी हाक दिली.

“बिरा, कुत्री आवळून धर. आणि एकदा जीभ वाजव.”

“काय बोलता, महाराज? पाडस दिसलं तर फाडून खातील की ही.”

“म्हणून तर आवळून धर म्हणतोय.”

बिरानं दोर मनगटाला गुंडाळले. महाराजांचा शब्द, त्याला काय करणार? त्यानं जीभ वाजवली.

सोनीनं कान टवकारले. आणि निघाली उताराला.

“सोनी, मागं फिर!” गौतमी धावली. सोनीला वाटलं खेळ आहे. ती आणखीच जोरात पळाली.

कुत्री दोर ताणून उभी राहिली, गुरगुरायला लागली. आणि हे येडं पोर थेट त्यांच्या तोंडाशी जाऊन नाक पुढं करून हुंगू लागलं. बिरा गुडघ्यावर कोसळला, पण त्यानं दोर सोडले नाहीत. गौतमीनं झेप घेऊन सोनीला उचललं.

परत आली तेव्हा तिचा राग मावत नव्हता.

“तुम्ही मारलं असतं तिला.”

“मी? बिराच्या हातात दोर होता,” महाराज म्हणाले. “तिच्या आईला ज्यानं धरलं, त्यालाही जीभ वाजवता येत असेल.”

गौतमी मटकन खाली बसली. सोनी तिचे गाल चाटत होती. तिनं तोंड फिरवलं आणि मग मात्र हमसून हमसून रडली. इतके दिवस आपण हिला जगवतोय असं ती समजत होती, आणि शिकवलं होतं ते हेच, की माणूस दिसला की जवळ जायचं.

बऱ्याच वेळानं ती डोळे पुसून उठली आणि जोत्यावर काम करणाऱ्या गवंड्याकडं गेली.

“गवंडीदादा, पाहुण्यांच्या मांडवाची जागा राहू द्या. ते सगळे दगड तिकडं ओढ्याच्या बाजूला घ्या, भिंत घालायचीय.”

“आन् पाहुणं?”

“येऊ नका म्हणून सांगते.”

लोक बोललेच. बाईंचं डोकं फिरलं म्हणाले. दाखवायला काही नाही, तर निवारा कशाचा, म्हणाले. गौतमीनं एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडलं. सकाळी सगळ्यांच्या आधी ती घमेलं घेऊन हजर असायची. हाताला फोड आले, त्यावर चिंध्या बांधल्या आणि दगड उचलत राहिली.

माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी भिंत उठत गेली. आत गवत, बोरीची झुडपं, पाण्याचं डबकं. दुधाची बाटली भिंतीतल्या भोकातून आत जायची. ती धरणाऱ्यानं हाताला गोणपाट गुंडाळायचं, अवाक्षर बोलायचं नाही. आणि ती धरायची कुणीही, गौतमी सोडून. हा नियम तिनंच घातला.

बिरा रोज कुत्र्यांना दोरानं आवळून जाळीच्या दारापाशी आणायचा. कुत्री भुंकायची. आधी सोनी दाराशीच यायची. बिरा काठी आपटायचा, ओरडायचा, खडे मारायचा. मग एके दिवशी कुत्र्यांचा नुसता वास आला आणि ती झुडपात पळाली. बिरा गौतमीला हे सांगायला आला. तिनं मान डोलावली, हसलीसुद्धा, आणि लगेच घमेलं उचलून वळली.

भिंतीचा शेवटचा थर लागत होता, तेव्हाची गोष्ट. दूध तोडायचं म्हणून त्या दिवशी बाटली गेली नव्हती. गवंडी जेवायला गेले होते. महाराज तेवढे भिंतीपाशी बसून फटींत खडे बसवत होते.

आतून सोनी ओरडली. बारीक आवाजात, थांबून थांबून. गौतमी जागच्या जागी थबकली. हा ओरडा तिच्यासाठी आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं घमेलं खाली ठेवलं. चार पावलं दाराकडं गेली. जीभ टाळ्याला टेकलीच होती...

“महाराज, एकदाच. तिला नुसतं कळू दे, मी इथं आहे म्हणून.”

महाराजांनी मान वर केली नाही. हातातला खडा फटीत ठोकून पक्का बसवला.

“तिला अडवायला बाभळीच्या काट्या पुरल्या असत्या, पोरी. भिंत तुझ्यासाठी घातलीय.”