पाटात पुकारलेलं नाव

चूक हिलाल पाटलाची होती, हे आधीच ऐकून ठेवा. गावातले म्हातारे तुम्हाला पाणी पोचलं नाही ते नदी रुसली, देवी कोपली म्हणून, असं काहीबाही सांगतील. नदीला काय पडलंय रुसायला! म्हाताऱ्यांना आपल्यातल्या कुणाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ते देवीचं घेतात. समोर पाटात तो चपटा काळा दगड दिसतोय ना, त्यावर एक जण बोडक्या डोक्यानं उभा राहतो, एक नाव पुकारतो, आणि मगच आमच्या चिंचदरचं पाणी सुटतं. ते नाव तिथं आलं कसं, ते असं सांगतात.

हिलाल पाटील उपकार मानण्यात कधी मागे नव्हता. बंधाऱ्याला नारळ, बैलांच्या शिंगांना तेल, नांगराच्या पाया पडल्याशिवाय वावरात पाऊल नाही. आपल्याइतकी जाण असलेला माणूस दहा गावांत नसेल, असं त्याला मनापासून वाटायचं. माणसाचेही उपकार असतात, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? वाडवडीलही तसलेच.

पाटावर तेव्हा एक पाटकरी होता. रोज सकाळी पाटाच्या काठानं चालायचं, खेकड्यांनी पोखरलेली भोकं चिकणमातीनं बुजवायची, ज्याची पाळी त्याची बारी, म्हणजे वावराकडचं पाटाचं तोंड, उघडायची, झाली की लावायची. वीस वर्षं त्यानं हेच केलं. गाव त्याला ‘ए पाटकरी’ म्हणायचं. घाईत असलं तर नुसतं ‘ए’.

फाल्गुन लागला होता, ओंब्यांत दाणा भरत होता. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. पाणी सोडण्याआधीच्या पूजेला पाटील ताट घेऊन आला, तर पाटकरी गुडघाभर चिखलात उभा राहून भोक बुजवत होता.

“ए, सरक तिकडं,” पाटील म्हणाला. “कुदळीला कुंकू लावायचंय.”

कुदळ पाटकऱ्याच्या हातात होती. त्यानं ती या काळ्या दगडावर ठेवली, हात धुतले आणि तो घरी गेला. पाटलानं कुदळीला कुंकू लावलं.

पाणी गावानंच सोडलं. दुपारपर्यंत ते निम्म्या पाटातही पोचलं नाही. भोकं कुठं कुठं आहेत, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. लोक एक बुजवत, तोवर दुसरीकडं काठ ढासळे. सगळं पाणी म्हणे नाल्याला गेलं. कोतवाल पाटकऱ्याच्या दारात जाऊन ‘ए, ए’ करून घसा बसवून आला. आतून हूं नाही की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः निघाला. वाटेत त्याच्या ध्यानात आलं, की दारात उभं राहून हाक काय मारायची, हेच आपल्याला माहीत नाही. कोतवालाला विचारलं, गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, “पाटकरीच नाव असेल त्याचं.” पाटलाला पहिल्यांदा कसंसंच झालं. ते त्यानं कुणाला दाखवलं नाही.

अंगणात पाटकऱ्याची बायको गेंदाबाई छिन्नी-हातोडीनं जात्याला टाकी लावत होती.

“बाई, तुझ्या मालकाचं नाव काय?”

“नवऱ्याचं नाव बाईमाणूस घेतं का पाटील? तुमच्याच घरची रीत,” ती मान वर न करता म्हणाली. “वीस वर्षं पाणी तुम्ही प्यायलात. तुम्हीच सांगा.”

मग तिनंच सांगितलं: रीत मोडते, नाव घेते, पण पाटात, सगळ्या गावासमोर. आणि पाटलानं पागोटं काढून त्या दगडावर उभं राहून ते तीनदा पुकारायचं.

पाटील तसाच परत फिरला. दोन दिवस घरात बसून राहिला. ऊन तापत होतं, गव्हाचा फड पिवळा पडत होता, आणि हा पागोट्याला हात लावून बघत होता. जाणत्या मंडळींनी त्याला काय सल्ला द्यावा? धीर धरा म्हणाले. गहू धीर धरत नाही.

चौथ्या दिवशी तो दगडावर उभा राहिला, बोडका. गेंदाबाईनं नाव घेतलं: उखर्डू. उकिरड्यावरून ठेवलेलं, पोर जगावं म्हणून. पाटलाच्या तोंडून पहिल्यांदा ते फुटेचना. दुसऱ्यांदा निम्मं आलं. मग त्यानं डोळे मिटून असा आवाज काढला, की पार बंधाऱ्यापर्यंत गेला: “उखर्डू! तुझ्यामुळं पाणी आहे.” असं तीनदा. तिसऱ्या हाकेला उखर्डू आला, कुदळ उचलली आणि पहिलं भोक बुजवायला वाकला.

आजही त्या नावाशिवाय इथं बारी उघडत नाही. आजही चिंचदरच्या घराघरात सकाळचा पहिला घोट घेण्याआधी हंडा कुणी भरला त्याचं नाव घेतात. सासरा सुनेचं घेतो, बायको नवऱ्याचं घेते, उखाण्याबिखाण्याशिवाय. असं दुसरं गाव दाखवा.

पाटलाचं शेत पाटाच्या शेवटाला होतं. तिथवर पाणी पोचलं सहाव्या दिवशी. त्या साली हिलाल पाटलाच्या घरात गव्हाचा एक दाणा आला नाही.