क्लचपाशी काढलेला स्विच

"मग अजून शिकायचं राहिलंय तरी काय, उस्ताद?"

सदा कोष्टीनं विचारलं खरं, पण आवाज जरा चढलाच. मिरजेच्या या गॅरेजात गाड्यांचं वायरिंग शिकून त्याला आठ वर्षं झाली होती. सोमवारी त्याच्या स्वतःच्या दुकानाचा मुहूर्त. बोर्ड रंगवून तयार होता, फक्त खालची एक ओळ कोरी होती. तिथं उस्तादाचं नाव घालायचं, असा त्या गल्लीतला रिवाज. आणि उस्तादानं तोंडानं होकार दिल्याशिवाय ते घालायची कुणाची छाती नव्हती.

इलाही उस्ताद बशीत चहा ओतत होते.

"गाडी चालू कशी होते?"

घ्या! हे काय विचारणं झालं? सदाला मनातून हसूच आलं.

"चावीला चार घरं. पहिल्यात सगळं बंद, चावी काढली की स्टिअरिंगलाही कुलूप. दुसऱ्यात रेडिओ. तिसऱ्यात इंजिनाला करंट. चौथ्यात स्टार्टर फिरतो. झोपेत विचारलं तरी सांगेन."

"आणि चालू कशी होत नाही?"

"बिघाड असला की."

उस्तादांनी एक घोट घेतला...

"बाईंची गाडी झाली?"

"केव्हाच!"

देशिंगकर बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. रिटायर झालेल्या शिक्षिका, गुडघ्यानं बेजार. क्लच पुरता दाबला जात नाही, आणि क्लच दाबल्याशिवाय त्यांची गाडी स्टार्टच घेत नाही. सदानं क्लचपाशी बसवलेला, क्लच दाबल्यावरच स्टार्टरला करंट सोडणारा बोटभर स्विच काढून टाकला होता आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून दिल्या होत्या.

"आता नुसती चावी फिरवायची, उस्ताद. क्लचची कटकटच ठेवली नाही!"

"वा," म्हणत उस्तादांनी स्टूल उचललं.

दुरुस्त झालेली गाडी पहिल्यांदा चालू करताना ते तिच्या बंपरसमोर स्टूल टाकून बसत, पाठ भिंतीला टेकून. आठ वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. गिऱ्हाइकं म्हणत, म्हाताऱ्याची खोड आहे.

"मार चावी."

सदा आत बसला. चावी तिसऱ्या घरात नेली, समोरचे लाल दिवे लागले. आता एकच घर. आणि त्याची नजर गिअरवर गेली.

पहिला गिअर.

बाईंचं घर उतारावर. गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची, ही त्यांची जुनी सवय.

चावी फिरवली असती, तर गाडीनं पुढं उडी घेतली असती. समोर उस्ताद, त्यांच्यामागं भिंत...

त्यानं गिअर न्यूट्रल केला.

"काय झालं रे?"

"गिअर होता, उस्ताद. काढला."

"मग मार की."

हात चावीवरच राहिला.

"मी बघितलं म्हणून. बाई विसरल्या तर? सकाळी त्यांची सून गाडीपुढंच रांगोळी काढत असते..."

"मार म्हणतोय ना!"

"नाही मारत."

उस्तादांना तो पहिल्यांदाच नाही म्हणत होता. गेलं, त्याला वाटलं. गेला आपला बोर्ड. वाईट वाटलं, फार वाटलं, पण त्यानं चावी काढून घेतली आणि खाली उतरला.

"सदा, झाली ना रे गाडी?" बाईंनी बाहेरून हाक दिली.

"नाही झाली, बाई. चूक माझीच. अर्धा तास द्या. स्विच परत बसवतो, आणि सीट दोन खाचा पुढं घेतो, म्हणजे पाय नीट पोचेल."

मग तो ट्रेपाशी गेला. पाने, पक्कड, स्क्रू, सगळं चाळलं. स्विच काही सापडेना.

उस्ताद स्टुलावरून उठले आणि त्याच्यासमोर येऊन मूठ उघडली. स्विच तळहातावर होता. ऊब लागलेला, म्हणजे बराच वेळ मुठीत असणार.

सदाची मान खाली गेली.

"उस्ताद... सोमवारचा मुहूर्त मी पुढं ढकलतो."

उस्तादांनी स्विच त्याच्या हातात ठेवला.

"आठ वर्षांत आज पहिल्यांदा तुझ्या हातून गाडी चालू झाली नाही. जा, बोर्डावर नाव घाल."