क्रेनपुढचा नारळ

फार वर्षांपूर्वी, या खाडीवर हॉटेलं नव्हती आणि जहाजं बांधली जायची, तेव्हा मी इथली क्रेन होते. जहाज पाण्यात सोडताना बाबल मिस्त्री त्याच्या पुढच्या टोकावर नारळ फोडायचे. माझ्यापुढे कधी कुणी फोडला नाही. वजनं मी उचलायची आणि मान जहाजांना, म्हणून मी चाळीस वर्षं रुसून होते.

पुढे कारखाना बंद पडला. एका सकाळी नव्या मालकाची माणसं आली. त्यांनी माझ्या पायाशी हळदकुंकू वाहिलं आणि नारळ काढला.

"बघ, कळली शेवटी माझी किंमत," मी खांद्यावरच्या बगळ्याला म्हटलं.

"बाई, इथे ज्याच्यापुढे नारळ फुटला, ते इथून गेलं," तो म्हणाला.

"जळतोस मेल्या."

नारळ फुटला. बगळा उडाला. मुकादमाने गॅसकटर पेटवला.

आता माझ्या तुकड्यांचा हॉटेलपुढे कठडा झालाय. संध्याकाळी माणसं मला टेकून खाडी बघतात. या सगळ्यांना मीच तोलून धरलंय, असं कालच मी बगळ्याला सांगितलं. तो जरा लांब जाऊन बसला.